खेळण्यांचा धंदा, ऑनलाइन स्पर्धा आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात म्हटलं होतं की खेळण्यांच्या धंद्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रांचा ढीगच आला. अर्ध्या लोकांनी फक्त "कॉम्पिटिटर ॲनालिसिस कसं करायचं" एवढी एक ओळ धाडलीय, आता त्याला मी काय उत्तर देणार. ज्यांनी आपला माल, भाव, गिऱ्हाईक असं सगळं नीट लिहिलंय त्यांचेच प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही, काही पत्रं जरा कापली आहेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचा सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचा पिढीजात धंदा. फळांचे सेट, भातुकली, बैलगाडी, शिवाय पाट-चौरंग. पूर्वी गोव्याला जाणाऱ्या गाड्या शहरातून जायच्या, झाराप-पत्रादेवी बायपास झाल्यापासून बाहेरच्या बाहेर निघून जातात. पुतण्या म्हणतो ऑनलाइन जाऊया. एका एजन्सीनं "स्पर्धा विश्लेषण आणि डिजिटल स्ट्रॅटेजी" करून द्यायचे पन्नास हजार सांगितलेत. द्यावेत का? आणि आमचा खरा स्पर्धक कोण, लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं कर्नाटकातलं चन्नपट्टण की चायना?

उत्तर : पन्नास हजार आत्ता तरी देऊ नका. एजन्सीवाले वाईट असतात असं नाही, पण ते तुम्हाला एक सुंदर पीपीटी देतील त्यात चन्नपट्टण असेल, चायना असेल, दोन-तीन नव्या वुडन टॉय ब्रँडचे लोगो असतील आणि शेवटी लिहिलेलं असेल की इन्स्टावर रोज पोस्ट टाका. हे तुम्हाला आत्ताच माहितीय.

तुमचा स्पर्धक एक नाही हो, गिऱ्हाईक बदललं की स्पर्धक बदलतो. फळांचा सेट कोण घेतं बघा. गोव्याहून परत निघालेला माणूस, त्याच्या खिशात "घरी काहीतरी न्यायचं" म्हणून बाजूला काढलेले पाचशे रुपये असतात, आणि त्या पाचशेवर तुमच्याबरोबर डोळा कोणाचा असतो तर काजूवाल्याचा. चन्नपट्टणचा तिथे काही संबंधच नाही. पण तोच तुमचा खुळखुळा किंवा ओढायची गाडी घेणारी पुण्यातली एक वर्षाच्या मुलाची आई मोबाइलवर शोधते तेव्हा मात्र चन्नपट्टण तुमच्या शेजारी येऊन बसतं, आणि तिथे ते लोक तुमच्या कितीतरी पुढे आहेत, रंग गुळगुळीत, कोपरे गोल, पाकिटावर वय लिहिलेलं. आणि तिसरं गिऱ्हाईक म्हणजे वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट घेणारे, त्यांना वीस नग शंभर-दीडशेच्या आत पाहिजेत, तिथे तुमची गाठ क्रेयॉनच्या डबीशी आणि पाण्याच्या बाटलीशी. आता तुम्हीच ठरवा यातल्या कोणत्या ठिकाणी लढायचंय. तिन्ही ठिकाणी उतरलात तर हात पुरायचे नाहीत.

चायनाचं म्हणाल तर तो बागुलबुवा आता पूर्वीएवढा मोठा राहिलेला नाही. 2020 मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. त्यात 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. सरकारी आकडे असं सांगतात की 2014-15 ला आयात 33 कोटी डॉलरच्या वर होती ती 2022-23 ला 16 कोटींच्या खाली आली आणि निर्यात साडेनऊ कोटींवरून साडेबत्तीस कोटींवर गेली. म्हणजे आज तुमच्यासमोर जो स्वस्त प्लास्टिकचा माल आहे त्यातला बराचसा इथेच बनलेला असू शकतो, "चायना" म्हणून त्याच्याकडे नाक मुरडून चालणार नाही.

अभ्यास कसा करायचा ते सांगते, पैसे लागत नाहीत, पुतण्याला एक आठवडा बसवा. मोठ्या साइटवर जाऊन गिऱ्हाईक जसं टाइप करील तसं टाइप करायचं, "वुडन टॉय फॉर वन इयर ओल्ड", "वुडन किचन सेट", आणि सर्च पट्टीखाली आपोआप काय काय सुचवतंय ते पण लिहून घ्यायचं, कारण लोक तेच शोधतायत. मग पहिले दहा माल घ्या, जाहिरातीचे सोडून. वहीत प्रत्येकाचा भाव, साइज, नग किती, वजन, पोचायला किती दिवस. आणि आता मुख्य काम. पाच स्टार आणि एक स्टार वाचत बसू नका, पाचवाले खूश असतात नि एकवाल्यांचं बऱ्याचदा कुरिअरवाल्याशी भांडण झालेलं असतं. दोन आणि तीन स्टारवाले वाचा, ते लोक आडपडदा न ठेवता खरं सांगतात. "फोटोत मोठं वाटलं, हातात आल्यावर अंगठ्याएवढं." "रंग बोटाला लागतोय." "वास येतो म्हणून आठवडाभर गॅलरीत ठेवलं." "झाकण बसत नाही." अशा शंभर तक्रारी वहीत उतरवल्या ना की त्यातून चार-पाचच मुद्दे पुन्हा पुन्हा येतात आणि तीच तुमची स्ट्रॅटेजी. साइज फसवी वाटते? मग फोटोत खेळण्याशेजारी मुलाचा हात ठेवा. वास येतो? रंग वाळायला जास्त दिवस द्या आणि ते लिहा.

जाहिरातींचं पण फुकट बघता येतं. फेसबुक-इन्स्टाची ॲड लायब्ररी सगळ्यांना उघडी आहे, ब्रँडचं नाव टाकलं की त्याच्या चालू जाहिराती दिसतात आणि कधी सुरू झाली ती तारीख पण दिसते. चार दिवसांत बंद झालेली जाहिरात म्हणजे बहुतेक चालली नाही, आणि जी सहा महिने चालूच आहे तिच्यावर कोणी उगाच पैसे घालत नाही. सहा महिन्यांच्या जाहिराती नीट बघा, त्यात काय दाखवतात, मूल दाखवतात का आजी दाखवतात, भाव लिहितात का लपवतात.

आता कायद्याचं, कारण याच्यात लोक फसतात. आयएसआय मार्कच्या सक्तीतून दोन सुटका आहेत, एक म्हणजे हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेले कारागीर, आणि दुसरी जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली खेळणी. सावंतवाडीच्या लाकडी कामाला जीआय आहे, पण म्हणून सावंतवाडीत दुकान असलं की झालं असं नाही, त्या जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची स्वतःची नोंद पाहिजे. ती आहे का आधी तपासा, कारण ऑनलाइन साइटवाले कागद मागतात. आणि सुटका असली तरी मी म्हणेन की एकदा लॅबमधून चाचणी करून घ्याच. खेळण्यांच्या सुरक्षेचं जे मानक आहे, आयएस 9873, त्याच्या भाग 3 मध्ये रंगातून शिसं वगैरे किती सुटतं ते बघतात. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी म्हणून विकणार असाल तर छोट्या भागांची परीक्षा असते, 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं, त्यात तुमचं आवळा-बोर पूर्ण बसलं की नापास, कारण ते मुलाच्या घशात पण बसू शकतं. तेव्हा फळांचा सेट सरळ "शोभेसाठी आणि तीन वर्षांवरील मुलांसाठी" म्हणून विका.

आणि एक काम आजपासून. गणपतीत चाकरमानी येतात, दुकानात येतात, पाट घेतात, जातात. त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत का? विचारून, परवानगीनं, व्हॉट्सॲपवर घ्या. कॅटलॉग टाका. मुंबईत बसलेला माणूस "मागच्या वेळी नेला तसाच चौरंग बहिणीला पाठवाल का" असं विचारतो तो गिऱ्हाईक कोणत्याही साइटच्या मालकीचा नसतो, तुमचा असतो. साइटवर विकलात तर तो साइटचा.

प्रश्न : मी पुण्यात मराठी बोर्ड गेम आणि लाकडी पझल बनवतो. पहिलं वर्ष छान गेलं, आता माझ्यासारखंच हुबेहूब पझल कोणीतरी 449 ला विकतोय, माझं 499 आहे. मी 449 करू का? आणि त्याच्यावर केस करता येईल का?

उत्तर : भाव कमी करायच्या आधी हिशेब. तुमचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत म्हणून समजा धरते. 499 मधून 5 टक्के जीएसटी गेला, राहिले 475. बनवायचा खर्च 160, डबा-छपाई 30, साइटचं कमिशन आणि पाठवणी मिळून 150, जाहिरात दर नगामागे 70, आणि परत आलेल्या मालाचं दर नगावर पसरवून 25. बेरीज 435. उरले चाळीस. आता पन्नास रुपये भाव उतरवलात की कमिशन थोडं कमी होईल हे धरलं तरी तुम्ही शून्याच्या आसपास नाहीतर खाली. समोरच्याचं कसं परवडतं? एक तर तो मोठ्या लॉटमध्ये बनवतो, नाहीतर त्यालाही परवडत नाही आणि तो सहा महिन्यांत थांबेल. कोणतं खरं ते कळायला त्याच्या भावाचा इतिहास बघा, त्यासाठी कीपा वगैरे टूल आहेत, भाव सतत खालीवर होतोय, मधेच "स्टॉक नाही" दिसतंय तर तो धडपडतोय. वर्षभर 449 वर ठाम उभा असेल तर त्याची कॉस्ट खरंच कमी आहे, मग त्याच्याशी भावावर भिडण्यात काही अर्थ नाही.

केसचं. तुम्ही डिझाइन रजिस्टर केलं होतं का? इथे एक गोम आहे जी बऱ्याच जणांना उशिरा कळते. डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे डिझाइन नवीन असावं लागतं, म्हणजे अर्ज करायच्या आधी ते लोकांसमोर आलेलं नसावं. तुम्ही आधी इन्स्टावर "आमचं नवं पझल!!" म्हणून टाकलं असेल तर नंतर त्याचं रजिस्ट्रेशन टिकवणं अवघड. त्यामुळे या पझलचं सोडून द्या, पुढच्या वेळी आधी अर्ज मग रील. रजिस्ट्रेशन 10 वर्षं मिळतं, अजून 5 वाढवता येतं. नावाचा ट्रेडमार्क मात्र आजच टाका, खेळण्यांचा वर्ग 28, त्यानं निदान तुमच्या नावानं दुसरा विकणार नाही आणि साइटवर ब्रँड म्हणून नोंद करायला पण तोच लागतो. त्यानं तुमचे फोटो जसेच्या तसे उचलले असतील तर ती कॉपीराइटची तक्रार, ती साइटकडे लगेच करता येते, बऱ्याचदा तेवढ्यावरच लिस्टिंग खाली येतं.

पण कायद्याच्या भरवशावर धंदा उभा करू नका, लेगोला जमलं नाही ते आपल्याला काय जमणार. त्यांचा तो खटकन बसणारा ठोकळा, 1958 चं पेटंट, ते कधीच संपलं. मग त्यांनी ठोकळ्याचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क असं म्हणून बघितलं, 2005 मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं, 2010 मध्ये युरोपच्या कोर्टानं नाही म्हटलं. म्हणजे आज कोणीही लेगोसारखा, लेगोत बसणारा ठोकळा बनवू शकतो आणि बनवतात पण. तरी लेगो जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणी कंपन्यांत आहे ना. आणि गंमत म्हणजे ही कंपनी 2003-04 ला जवळजवळ बुडाली होती ती कॉपीवाल्यांमुळे नाही. व्हिडिओ गेमच्या भीतीनं त्यांनी सगळीकडे हातपाय पसरले, कपडे, थीम पार्क, टीव्ही, आणि डिझायनर लोक प्रत्येक सेटला नवे नवे भाग करत सुटले, वेगवेगळे भाग तेरा हजारांच्या आसपास गेले. 2004 ला नवा सीईओ आला, युर्गन विग क्नुडस्टॉर्प, त्यानं भाग जवळपास निम्म्यावर आणले, लेगोलँड पार्कातला मोठा हिस्सा विकला आणि सरळ विचारलं की आपण नसलो तर लोकांना कशाची उणीव भासेल. नंतर त्यांनी लोकांनाच डिझाइन पाठवायला सांगितलं, दहा हजार मतं मिळाली की कंपनी विचार करते, सेट निघाला तर ज्याची कल्पना त्याला विक्रीतला एक टक्का. तेच आज लेगो आयडियाज.

तुम्ही याच्यातलं काय घ्यायचं तर एवढंच, की तुमचं पझल कोणीही कापू शकतो पण तुमच्या मराठी गेममधले प्रश्न, म्हणी, गावांची नावं, विनोद हे तो 449 वाला कापू शकत नाही. त्याला येतच नाही. तुमचा जोर तिकडे लावा, जुने गिऱ्हाईक आहेत त्यांच्याकडून कार्डं लिहून मागवा, ज्याचं कार्ड छापलं त्याचं नाव डब्यात टाका, बघा तो स्वतः किती डबे विकून देतो. पझल 499 लाच राहू दे, हळूहळू संपवा.

प्रश्न : जळगावात खेळण्यांचं दुकान, वडिलांपासूनचं. लोक येतात, मूल खेळणं हातात धरतं, आई डब्याचा फोटो काढते आणि ऑनलाइन मागवते. माझा नुसता शोरूम झालाय. मी पण त्याच साइटवर सेलर होऊ का?

उत्तर : तुमचं दुखणं मला कळतं, मी पण काही वर्षं मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला होलसेलमध्ये काढलीत, हे फोटो काढणं डोळ्यांनी बघितलंय. सेलर व्हा, पण फक्त पडून राहिलेला माल काढायला. पूर्ण दुकान तिकडे नेऊ नका.

अमेरिकेतल्या टॉइज आर अस या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीची गोष्ट सगळे "ॲमेझॉननं मारलं" म्हणून सांगतात, ती अर्धीच गोष्ट आहे. 2000 साली त्यांनी आपलं ऑनलाइन दुकान स्वतः चालवायच्या ऐवजी ॲमेझॉनकडे दिलं, दहा वर्षांचा करार, वर्षाला पाच कोटी डॉलर आणि वर विक्रीतला हिस्सा, बोली अशी की तिथे खेळणी आम्हीच विकू. मग ॲमेझॉनवर दुसरे पण खेळणीवाले दिसायला लागले. 2004 ला हे कोर्टात गेले, 2006 ला जिंकले, करार मोडला. पण जिंकून काय हातात आलं, ऑनलाइन कसं विकायचं ते शिकायची सगळ्यात महत्त्वाची वर्षं दुसऱ्याच्या ओट्यावर गेली होती. आणि त्याच्यातच 2005 मध्ये गुंतवणूकदारांनी कर्ज काढून कंपनी विकत घेतली आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर टाकलं, पाच अब्ज डॉलरच्या आसपास. त्याचं व्याज भरता भरता दुकानं रंगवायला, वेबसाइट सुधारायला पैसाच नाही. सप्टेंबर 2017 ला दिवाळखोरी, 2018 ला अमेरिकेतली दुकानं बंद. तेव्हा दुकान सजवायला मोठं कर्ज काढायचा विचार डोक्यात असेल तर तो पण लांबच ठेवा.

तुमच्याकडे साइटकडे नसलेली एक गोष्ट आहे, वेळ. आज संध्याकाळी सहाला वाढदिवस आहे आणि चारला आठवलं, तिथे ऑनलाइनवाला काय करणार? मोठ्या शहरात दहा मिनिटांत आणून देणारे आलेत म्हणा, पण त्यांच्याकडे निवड किती असते. गूगलवर दुकानाची नोंद करा, फोटो ताजे, वेळ बरोबर, "जवळचं खेळण्यांचं दुकान" शोधलं की तुम्ही आले पाहिजे. व्हॉट्सॲपवर "चार वर्षांची मुलगी, तीनशे रुपये, पॅक करून ठेवा" असा मेसेज आला की तासाभरात तयार. ज्या डब्यांचे फोटो काढले जातात, म्हणजे मोठ्या कंपन्यांचा ठरलेला माल, तो थोडाच ठेवा, तिथे तुमचं मार्जिन आधीच नाही. आणि जो माल साइटवर सहज सापडत नाही, लोकल, खुला, हाताळून घ्यायचा, त्याला पुढची फळी द्या. पुण्याच्या तुळशीबागेत भातुकलीवाले अजून का टिकलेत? तिथे बाई एकेक पितळी भांडं हातात घेऊन निवडते, तवा वेगळा, पोळपाट वेगळा, त्याचा फोटो काढून काय मागवणार.

साइटवर एक मात्र रोज बघा, तुमच्याकडे असलेल्या मालाचा तिथला भाव. सकाळी दहा मिनिटं. आईनं फोन काढायच्या आधीच "ऑनलाइन अमुक आहे, मी एवढ्याला देतो, बॅटरी टाकून चालवून दाखवतो आणि बिघडलं तर घेऊन या" असं तुम्हीच म्हणालात की निम्मे फोन परत पर्समध्ये जातात.

प्रश्न : ती लाबुबू बाहुली दुकानात भरून ठेवू का? उल्हासनगरला स्वस्त मिळतायत.

उत्तर : नको. स्वस्त मिळतायत म्हणजे नकली आहेत, लोक त्याला "लाफुफू" म्हणतात. अस्सल माल चीनच्या पॉप मार्टचा, ती कंपनी आपली दुकानं, आपलं ॲप, आपल्या मशिन यातूनच बहुतेक विकते, डब्यात कोणतं बाहुलं निघेल ते आधी कळत नाही आणि तीच त्यातली नशा. ते कॅरेक्टर 2015 पासूनचं आहे, 2024 ला ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या लिसानं बॅगेला लावलं आणि मग जग वेडं झालं. तुम्हाला हे दिसलं तेव्हा लाट अर्धी ओसरली असते. 2017 चे फिजेट स्पिनर आठवा, कित्येकांच्या माळ्यावर अजून आहेत. वर आयएसआय नसलेला नकली माल दुकानात सापडला तर जप्ती होते ती वेगळी.

प्रश्न : आम्ही नाशिकला सॉफ्ट टॉय आणि ॲक्टिव्हिटी किट बनवतो. मार्केटिंगचा मुलगा म्हणतो मुलांना टार्गेट करून यूट्यूब जाहिरात करू, मुलं हट्ट करतील, आईवडील घेतील. शिवाय माझ्या सात वर्षांच्या मुलीचं अनबॉक्सिंग चॅनेल, म्हणजे कॅमेऱ्यासमोर खेळण्यांचे डबे उघडायचे, काढू म्हणतो. परदेशात लोक यातून करोडो कमावतात. करू का?

उत्तर : पहिल्याला सरळ नाही. 2019 मध्ये अमेरिकेत यूट्यूबला 17 कोटी डॉलर दंड झाला, मुलांची माहिती गोळा करून जाहिराती दाखवल्या म्हणून, आणि 2020 च्या जानेवारीपासून यूट्यूबनं मुलांसाठीच्या व्हिडिओंवर बघणाऱ्याच्या आवडीप्रमाणे जाहिरात दाखवणंच बंद केलं. आपल्याकडे 2023 चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात 18 वर्षांच्या आतलं मूल म्हणजे मूल, त्याच्यावर नजर ठेवून टार्गेट जाहिरात करायची नाही असं स्पष्ट आहे. जून 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांत पण मुलांसाठी वेगळा भाग आहे, मुलांच्या अननुभवाचा फायदा घ्यायचा नाही, हे नसेल तर तू मागे पडशील असं भासवायचं नाही. तुमच्या मार्केटिंगच्या मुलाला हे वाचायला द्या.

आणि धंद्याच्या बाजूनं पण ते चुकीचंच आहे. पैसे आई देते. तुमच्या किटची जाहिरात आईला दाखवा, आणि तिला "क्रिएटिव्हिटी वाढते" वगैरे सांगू नका, ते सगळेच सांगतात. पावसाळ्यातली रविवार दुपार दाखवा, मूल एक तास टेबलावर बसलंय, मोबाइल शेजारी उपडा पडलाय. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या तीन आठवडे आधी. परीक्षेच्या काळात जाहिरात बंद, पैसे वाचवा.

मुलीच्या चॅनेलचं. तुमचं घर, तुमचा निर्णय, पण मला विचारलंत म्हणून सांगते की मला पटत नाही. तो अमेरिकेतला यूट्यूबवरचा रायन तीन वर्षांचा असताना सुरू झाला आणि आज त्याच्या नावानं खेळणी विकली जातात, खरंय. पण तसा एक. सात वर्षांच्या मुलीला आठवड्याला तीन व्हिडिओचं टार्गेट लागलं की ते खेळणं राहत नाही. त्यापेक्षा किट बनवणारे हात दाखवा, शिवणाऱ्या बायका, कापसाचं पोतं, डोळा पक्का बसलाय का म्हणून ओढून बघणं. डोळा ओढून बघायचा व्हिडिओ एकदा टाकाच, आया तो एकमेकींना पाठवतात. दुसऱ्याच्या चॅनेलवर पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेतलात तर "जाहिरात" असं लिहायला लावा, ते आता नियमातच आहे.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी शाळेत मुलांना शिकवते. मुळाक्षरांचे लाकडी ठोकळे कोकणातून बनवून आणून विकावेत असं मनात आहे. स्पर्धा तर काहीच दिसत नाही, सगळीकडे हिंदीचेच. मग अडचण काय?

उत्तर : स्पर्धा दिसत नाही याचे दोन अर्थ होतात, एक तर कोणाला सुचलं नाही, नाहीतर सुचलं पण परवडलं नाही. मला वाटतं दुसरा. मुलं मराठी शाळेत येतात ती रविवारी, ठोकळे लागणार त्या वयाची मुलं त्यात मोजकी, आणि एकदा घेतले की धाकट्यालाही तेच. म्हणजे पुन्हा खरेदी नाही. त्यामुळे आधी माल बनवू नका. शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, आसपासच्या मंडळांत, एक नमुना दाखवून आगाऊ पैसे घ्या, नुसतं "छान आहे गं" याला किंमत नाही, ते सगळेच म्हणतात.

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना तिथल्या सरकारनं मान्य केलेल्या लॅबची चाचणी, आयातदार म्हणून तुमच्या सहीचं प्रमाणपत्र आणि मालावर कायमचं ट्रॅकिंग लेबल (कोणी, कुठे, कधी बनवलं ते) लागतं, शंभर सेटसाठी हा खर्च प्रत्येक सेटवर बराच बसतो. शिवाय पूर्वी 800 डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय यायचं, ती सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली, त्यामुळे मावशीकडून थोडं थोडं मागवायचा मार्ग पण गेला. ड्युटीचे दर सारखे बदलतायत, ऑर्डर द्यायच्या दिवशीचा दर तिथल्या कस्टम ब्रोकरला विचारा.

मी असते तर ठोकळ्यांऐवजी आधी जाड पुठ्ठ्याची कार्डं तिथेच छापून घेतली असती. चाचणी पुठ्ठ्याला पण लागते, पण साचा, लाकूड, जहाज हे सगळं वाचतं, आणि तुम्ही शिकवता म्हटल्यावर कोणतं अक्षर मुलांना नडतं ते तुमच्याइतकं कोणाला माहितीय. "ळ" आणि "ण" ची दोन-दोन कार्डं जास्त टाका. चाळीस पालकांनी आगाऊ पैसे दिले तर मग कोकणातल्या कारागिराला फोन करा, आणि वरच्या सावंतवाडीच्या वाचकांचा पत्ता हवा असेल तर मासिकाकडे लिहा, त्यांना विचारून कळवते.